शेपटीला टॅग लावला आणि जोडीदार दिसेना: पीटीएच ग्राही आणि नर्फ-१ यांच्या को-आयपीबद्दल

प्रश्न को-आयपीचा आहे, म्हणजे एक प्रथिन अँटिबॉडीनं ओढून त्याच्यासोबत दुसरं येतं का ते पाहण्याचा. थोडक्यात असा: पॅराथायरॉइड संप्रेरकाचा (पीटीएच) ग्राही, म्हणजे पीटीएच-१-आर, ‘पीईजीएफपी-एन१’ या प्लाझ्मिडमध्ये (डीएनएचं वर्तुळ, यात जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा टॅग असतो) क्लोन करून एचईके-२९३ या मानवी पेशींत घातला. सोबत मिक टॅग (ओळखीसाठी जोडलेला छोटा तुकडा) लावलेलं एनएचईआरएफ-१ हे स्कॅफोल्ड, म्हणजे इतर प्रथिनांना एकत्र धरणारं, प्रथिन दिलं (बोलताना सगळे ‘नर्फ-१’ म्हणतात, मीही तेच वापरतो). जीएफपीच्या माऊस अँटिबॉडीनं ग्राही ओढला आणि मिकच्या माऊस अँटिबॉडीनं ब्लॉट केला (जेलवर वजनानुसार वेगळ्या झालेल्या प्रथिनांत मिकवालं शोधलं). तीनदा करूनही नर्फ-१ चा वेगळा पट्टा दिसला नाही. ५० किलोडाल्टनजवळ सगळ्याच रांगांत, अगदी नुसत्या जीएफपीच्या रांगेतही, जाड पट्टा आहे. ग्राही जेलच्या अगदी वरच्या टोकाला साठलेला दिसतो. मार्गदर्शकांचं म्हणणं, ‘आपल्या पेशींत हे दोघं जुळत नसतील, तसं लिहून टाक.’ तर लिहावं का?

इतक्यात नको. तुम्ही दिलेल्या तपशिलातच निदान तीन कारणं अशी आहेत, की ही जोडी पेशीत घट्ट जुळलेली असती तरी ब्लॉट असाच आला असता. म्हणजे तुमच्या प्रयोगानं ‘नाही’ असं उत्तर दिलेलं नाही, त्यानं अजून प्रश्नच विचारलेला नाही. काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत: पेशींत नर्फ-१ मुळात किती आहे, त्याचा किती भाग ॲक्टिनच्या सांगाड्याला अडकलेला आहे, ग्राही पृष्ठभागावर पोचतो की नाही. ते ओघात येईलच.

सगळ्यात मोठं कारण टॅगची जागा. ‘एन१’ या नावानं अनेकांची फसगत होते. त्या नावाचा अर्थ तुमच्या प्रथिनाच्या एन टोकाला, म्हणजे सुरुवातीला, जीएफपी लागतो असा नाही. तुमचं प्रथिन जीएफपीच्या एन टोकाला जोडलं जातं, असा आहे. म्हणजे जीएफपी येतो तुमच्या ग्राहीच्या शेपटीला, सी टोकाला. टॅग पुढे हवा असेल तेव्हा ‘सी१’ मालिका वापरतात (या ग्राहीसाठी तीही चालणार नाही, का ते खाली सांगतो). क्लोन करताना ग्राहीचा स्टॉप कोडॉन काढून टाकला होता का, आठवून पाहा. काढला असेल तर शंका उरतच नाही.

आता शेपटीचं एवढं काय? मानवी पीटीएच-१-आर ५९३ अमिनो आम्लांचा आहे आणि त्याची शेवटची चार म्हणजे ग्लुटामेट, थ्रिओनिन, व्हॅलिन, मेथिओनिन. नर्फ-१ मध्ये दोन पीडीझेड डोमेन (प्रथिनाचे स्वतंत्र घडीचे भाग) असतात आणि ती नेमकी ही शेपटी धरतात. धरण्याची रीत अशी: पीडीझेडच्या खाचेत ग्लायसिन, टायरोसिन, ग्लायसिन, फेनिलॲलनिन असा एक वळसा असतो. त्या वळशातले कण्याचे नायट्रोजन शेवटच्या अमिनो आम्लाचा मोकळा कार्बोक्झिल गट हायड्रोजन बंधांनी पकडतात. मेथिओनिनची बाजूची साखळी तेलकट खळग्यात बसते, आणि शेवटून तिसऱ्या जागेवरचा थ्रिओनिन खाचेतल्या हिस्टिडिनला हात देतो. मोकळा कार्बोक्झिल हवा म्हणजे साखळी तिथेच संपायला हवी. तुमच्या प्लाझ्मिडमध्ये ती संपत नाही, पुढे २३८ अमिनो आम्लांचा जीएफपी सुरू होतो.

२३८ कशाला, एक पुरतं. ॲड्रिनॅलिनच्या बीटा-२ ग्राहीची शेपटी ॲस्पार्टेट, सेरिन, ल्युसिन, ल्युसिन अशी आहे आणि तीही नर्फ-१ च्या पहिल्या पीडीझेडमध्ये बसते. १९९९ मध्ये दाखवलं गेलं, की तिच्यापुढे फक्त एक ॲलनिन वाढवला तर पकड सुटते, आणि पेशीत ओढला गेलेला ग्राही पृष्ठभागावर परतण्याऐवजी नष्ट होण्याच्या वाटेला लागतो. त्याच शेपटीतल्या सेरिन-४११ वर जीआरके-५ या एन्झाइमनं फॉस्फेट चढवला तरी हेच होतं. तेव्हा सी टोकाला टॅग असलेल्या ग्राहीनं नर्फ-१ ओढलं नाही, हा निष्कर्ष नव्हे. तसंच व्हायला हवं होतं. उलट हा प्लाझ्मिड फेकू नका, पुढे निगेटिव्ह कंट्रोल म्हणून तो उपयोगी पडेल.

मग टॅग कुठे लावायचा? पुढच्या टोकाला, पण सरळ मेथिओनिननंतर नाही. या ग्राहीला सुरुवातीला सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाला पटलाकडे नेणारा तुकडा) आहे आणि ते कापलं जातं. त्याच्या आधी टॅग लावला तर एक तर तो टॅग कापून निघून जातो, नाही तर सिग्नल झाकला जाऊन ग्राही पटलापर्यंत पोचतच नाही. ‘सी१’ मालिका चालणार नाही ती याचसाठी. दोन मार्ग आहेत. एक, हीमॅग्लुटिनिन या विषाणू-प्रथिनाचं सिग्नल पेप्टाइड, लगेच फ्लॅग हा छोटा टॅग, आणि मग ग्राहीचा स्वतःचा सिग्नल वगळून उरलेला भाग. दुसरा, आणि पीटीएच ग्राहीसाठी मला जास्त आवडणारा: बाहेरच्या डोमेनमधला ‘ई-२’ एक्सॉनचा (जनुकाच्या एका तुकड्याचा) भाग. तो काढला किंवा तिथे एचए हा दुसरा छोटा टॅग बसवला तरी संप्रेरक जुळण्यात आणि संदेश जाण्यात फरक पडत नाही, हे जुनं आणि पक्कं ज्ञान आहे. फ्लॅगचा मार्ग घेतलात तर अँटिबॉडी विचारपूर्वक निवडा. फ्लॅगच्या अँटिबॉडींपैकी एम-१ ला टॅग अगदी टोकाला मोकळा लागतो आणि कॅल्शियम लागतं. बफरमध्ये सवयीनं ईडीटीए (ते कॅल्शियम पकडून घेतं) टाकलात की बीड्स, म्हणजे अँटिबॉडी लावलेले मणी, रिकामे. एम-२ ला या दोन्ही अटी नाहीत.

नर्फ-१ चा टॅगही तपासा. ते ३५८ अमिनो आम्लांचं आहे. शेवटची साधारण ३० इझरिन (सांगाड्याशी जोडणारं प्रथिन) धरतात, आणि अगदी टोकाची शेपटी स्वतःच पीडीझेडला शोभणारी आहे. ती वळून आपल्याच दुसऱ्या पीडीझेडमध्ये बसते आणि प्रथिन मिटून घेतं. इझरिन आलं की ते उघडतं. म्हणून इथेही मिक टॅग पुढच्या टोकाला असावा. मागे लावलात तर ही उघडमीट बिघडते आणि तुम्ही नैसर्गिक नर्फ-१ तपासत नाही. स्कॅफोल्ड म्हणजे इमारतीची परांची असं शिकवतात, पण ही परांची बांबूंची नाही. ती कोण आलं ते बघून उघडते आणि मिटते.

दुसरं कारण पट्ट्याचं, आणि ते क्षुल्लक असूनही सगळ्यात जास्त वेळ खातं. नर्फ-१ चं हिशोबी वजन ३९ किलोडाल्टनच्या आसपास येतं, पण जेलवर ते ५० जवळ धावतं. त्याचं दुसरं नाव ईबीपी-५० त्यावरूनच आहे. अँटिबॉडीची जड साखळीही ५० लाच. ओढायला माऊस, ब्लॉटला माऊस, दुय्यम अँटिबॉडी माऊसविरोधी. मग सगळ्या रांगांत जो जाड पट्टा दिसतो ती जड साखळी आहे, आणि नर्फ-१ असलंच तर तिच्याखाली गाडलेलं आहे. उपाय: रेझिनला आधीच पक्की जोडलेली अँटिबॉडी घ्या आणि उकळून सोडवण्याऐवजी टॅगच्याच पेप्टाइडनं सोडवा, फ्लॅग असेल तर फ्लॅग पेप्टाइड १५० मायक्रोग्रॅम प्रति मिली, ४ अंशांवर ३० मिनिटं. ते शक्य नसेल तर ब्लॉटला सशाची मिक अँटिबॉडी वापरा, किंवा फक्त हलकी साखळी ओळखणारी दुय्यम अँटिबॉडी घ्या.

त्याच जेलची दुसरी तक्रार, वर साठलेला ग्राही. सात वेळा पटलातून जाणारं प्रथिन ९५ अंशांवर उकळलं की तेलकट भाग एकमेकांना चिकटून गोळा होतो आणि विहिरीतच बसतो. सॅम्पल बफरमध्ये ३७ अंशांवर ३० मिनिटं ठेवा, उकळू नका. साखरेच्या साखळ्यांमुळे हा ग्राही टॅगशिवाय ८० ते ९० किलोडाल्टनला आणि पसरट दिसतो. खात्री हवी असेल तर थोडा नमुना पीएनजीएज-एफ या साखळ्या काढणाऱ्या एन्झाइमनं कापून पाहा, पट्टा खाली सरकून आवळतो.

तिसरं कारण समजून घेतल्याशिवाय पुढचा प्रयोग करू नका: ही पकड सैल आणि चपळ आहे. पीडीझेड आणि शेपटी यांची ओढ बहुतेक वेळा मायक्रोमोलर पातळीची असते. समजण्यापुरते आकडे घेऊ. विघटन स्थिरांक (जितका कमी तितकी पकड घट्ट) १ मायक्रोमोलर धरा आणि पेशीत मोकळं नर्फ-१ ५ मायक्रोमोलर धरा. मग पेशीत ८० टक्क्यांहून जास्त ग्राही जोडीत असतील. आता १० सेंटिमीटरच्या बशीत साधारण ९० लाख एचईके पेशी, प्रत्येकीचं आकारमान २ पिकोलिटर, म्हणजे सगळ्या मिळून १८ मायक्रोलिटर. त्या तुम्ही १ मिली बफरमध्ये फोडल्यात की सगळं ५० पटींहून जास्त पातळ झालं. नर्फ-१ उरलं ०.१ मायक्रोमोलर आणि जोडीतले ग्राही आले ९ टक्क्यांवर. तीच बशी ४०० मायक्रोलिटरमध्ये फोडलीत तर ते प्रमाण जवळपास दुप्पट राहतं. तेव्हा बफर मोजून आणि कमी घाला. हे एवढं पाळलं तरी पुष्कळ फरक पडतो, आणि त्याला खर्च शून्य.

धुण्याचंही तसंच. जोडी सुटण्याचा वेग सेकंदाला १ असेल तर अर्ध्या जोड्या ०.७ सेकंदात सुटतात. मग दहा-दहा मिनिटांच्या पाच धुण्यांनंतर काही उरतं कसं? कारण बीडच्या पृष्ठभागावर ग्राही दाटीनं बसलेले असतात आणि सुटलेलं नर्फ-१ शेजारच्याला पुन्हा धरतं. शिवाय त्याला धरायला दोन हात आहेत. पण या उसन्या आधारावर फार भिस्त ठेवू नका. बीड्सबरोबर १ ते २ तास पुरे, रात्रभर नको. धुणी तीन, प्रत्येक वेळी अर्धा मिली, बफर घातला, हलवला, बीड्स खाली बसवले, काढला, एका मिनिटाच्या आत. सगळं थंड.

बफरबद्दल. रिपा हा कडक बफर वापरला असेल तर सोडा. त्यातले एसडीएस आणि डीऑक्सीकोलेट अशा पकडी मोडतात. माझी सुरुवातीची कृती: ट्रिस ५० मिलीमोलर, पीएच ७.४, मीठ १५० मिलीमोलर, ट्रायटन एक्स-१०० अर्धा ते एक टक्का, प्रोटिएज रोधक, शिवाय सोडियम फ्लोराइड १० मिलीमोलर आणि ऑर्थोव्हॅनाडेट १ मिलीमोलर. फॉस्फेटेज रोधक शोभेला नाहीत. इथली पकड फॉस्फेटनं सुटते आणि जुळते, त्यामुळे पेशी फोडताना फॉस्फेट गळले तर तुम्ही पेशीची नव्हे, नळीतली अवस्था मोजता. डीटीटी (गंधकाचे बंध तोडणारं रसायन) मात्र घालू नका, बीड्सवरची अँटिबॉडीच सुटून येते. ग्राही नीट विरघळत नसेल तर ट्रायटनऐवजी डोडेसिल माल्टोसाइड अर्धा टक्का करून पाहा.

आणि गाळ फेकू नका! नर्फ-१ इझरिनमार्फत ॲक्टिनला बांधलेलं असतं, त्यामुळे त्याचा एक भाग ट्रायटनमध्ये विरघळतच नाही आणि १४,००० जी वर १० मिनिटं फिरवलं की गाळात जातो. ग्राहीही त्याच्या मागोमाग जाऊ शकतो. म्हणजे जी जोडी सगळ्यात पक्की, तीच तुमच्या नळीतून बाद. इनपुट, वरचा द्रव आणि गाळ अशा तीन रांगा एकदा तरी चालवा. बराचसा माल गाळात असेल तर पेशी फोडण्याआधीच जोड्या बांधून टाका: डीएसपी (जवळच्या प्रथिनांना एकमेकांशी बांधणारं रसायन) १ मिलीमोलर, पीबीएस या खारट बफरमध्ये, ३० मिनिटं, मग ट्रिस ५० मिलीमोलर घालून १५ मिनिटं थांबवणं. डीएसपी त्याच दिवशी डीएमएसओत विरघळवा. ते अमाइनना धरतं, त्यामुळे ट्रिसमध्ये किंवा माध्यमात घातलंत तर पेशींपर्यंत पोचायच्या आधीच संपतं. त्याचा बंध डीटीटीनं तुटतो, म्हणून सॅम्पल बफरमध्ये डीटीटी असला की जेलवर प्रथिनं सुटी येतात. जोड्या अशा बांधल्यावर मग रिपाही चालतो. धोका एकच, शेजारी नुसतं उभं असलेलंही बांधलं जातं, म्हणून खालचे कंट्रोल नसतील तर डीएसपीचा निकाल मी मानणार नाही.

हे कंट्रोल कोणते? पहिला, ग्राहीचं शेवटचं मेथिओनिन-५९३ बदलून ॲलनिन. एका अक्षराचा बदल, बाकी सगळं तेच. पट्टा गेला पाहिजे. दुसरा, नर्फ-१ च्या पीडीझेडमधल्या त्या वळशात टायरोसिन आणि फेनिलॲलनिन यांच्या जागी ॲलनिन, आधी एकेका डोमेनमध्ये आणि मग दोन्हींत. यावरून कोणता हात धरतो तेही कळतं. तिसरा फारसं कुणी करत नाही, पण मला सगळ्यात बोलका वाटतो: एका बशीत फक्त ग्राही, दुसरीत फक्त नर्फ-१, वेगवेगळ्या फोडून लायसेट (फोडलेल्या पेशींचे द्रव) मिसळायचे आणि मग ओढायचं. इथेही तितकाच जोरदार पट्टा आला तर ती जोडी पेशीत जुळली होती असं म्हणता येत नाही, ती नळीतही जुळली असेल. चौथा, वर सांगितलेला तुमचा जीएफपीवाला ग्राही. आणि बदललेला ग्राही पृष्ठभागावर मूळच्याइतकाच आहे ना, हे न फोडलेल्या पेशींवर बाहेरच्या टॅगची अँटिबॉडी लावून मोजा, नाही तर तुलना पोकळ.

प्रमाणाचं एक. ‘जास्त घातलं तर जास्त दिसेल’ हे स्कॅफोल्डच्या बाबतीत उलटतं. ग्राही, स्कॅफोल्ड आणि तिसरा भागीदार अशी साखळी हवी असेल आणि स्कॅफोल्डचा पूर आणलात, तर एका रेणूवर ग्राही बसतो, दुसऱ्यावर तिसरा भागीदार, आणि दोघांची गाठ पडत नाही. सहा खान्यांच्या प्लेटमध्ये नर्फ-१ चा प्लाझ्मिड ०.१, ०.२५, ०.५ आणि १ मायक्रोग्रॅम असा चढता द्या, एकूण डीएनए रिकाम्या व्हेक्टरनं सारखा करा. पेशींचं स्वतःचं नर्फ-१ ही स्पर्धेत असतं, तेही टॅगच्या नव्हे, थेट नर्फ-१ च्या अँटिबॉडीनं एकदा पाहा. तुमच्या टॅगवाल्याला जागाच मिळत नसेल.

तुमच्या प्रश्नात आणखी एक वाक्य होतं, ‘संप्रेरक दिल्यावरही काही बदल दिसला नाही.’ तो दिसलाच पाहिजे असं नाही. नर्फ-१ ग्राहीला संप्रेरक नसतानाही धरून असतं. बीटा-अरेस्टिनसारखं ते संप्रेरक आल्यावर धावत येत नाही. त्यामुळे पीटीएच (१-३४), म्हणजे संप्रेरकाची पहिली ३४ अमिनो आम्लं, १०० नॅनोमोलर देऊन ०, २, ५, १५, ३० मिनिटं पाहायला हरकत नाही, पण ‘शून्य’च्या रांगेतच पट्टा असणं ही अपेक्षा ठेवा. पेप्टाइड प्लास्टिकला चिकटतं, म्हणून पातळ करताना ०.१ टक्का बीएसए घाला, आणि त्याच बॅचनं सायक्लिक एएमपी (ग्राही जागा झाल्याची पेशीतली खूण) वाढतो की नाही ते पाहा. पेप्टाइड मेलेलं असेल तर बाकीचं सगळं व्यर्थ.

को-आयपीशिवाय दुसरा, वेगळ्या जातीचा पुरावा हवाच. सगळ्यात स्वच्छ म्हणजे शेपटीचं पेप्टाइड: ग्राहीची शेवटची १० ते १५ अमिनो आम्लं, पुढच्या टोकाला बायोटिन, स्ट्रेप्टॲव्हिडिन बीड्सवर, आणि जिवाणूंत बनवलेली पीडीझेड डोमेनं. मागणी लिहिताना ‘सी टोक मोकळं आम्ल’ असं स्पष्ट लिहा. पुष्कळ ठिकाणी सी टोक अमाइड करून देण्याची पद्धत असते, आणि अमाइड झालं की तुमची जीएफपीवाली चूक पुन्हा, आणि पैसे देऊन. दुसरं, पेशीतला परिणाम: पीटीएच (७-३४) हे ग्राहीला जागवत नाही, तरी नर्फ-१ नसलेल्या पेशींत ग्राही आत ओढला जातो, आणि नर्फ-१ असलेल्या पेशींत तो पृष्ठभागावर रोखला जातो. हे २००३ पासून माहीत आहे. बाहेरच्या टॅगवर मोजण्याजोगा हा प्रयोग आहे आणि त्यात डिटर्जंटचा वाद नाही. जवळीक मोजणाऱ्या पद्धती, बीआरईटी किंवा प्रॉक्सिमिटी लिगेशन, सुंदर चित्रं देतात, पण जवळ असणं म्हणजे धरलेलं असणं नव्हे, आणि बीआरईटीसाठी परत कुणी शेपटीलाच ल्युसिफरेज हे प्रकाश देणारं प्रथिन लावतं.

ज्यांचा ग्राही इस्ट्रोजेनचा आहे त्यांनी हे सगळं जसंच्या तसं उचलू नये. तिथे पीडीझेड शेपटीचा खेळ नाही. पटलाजवळ राहणाऱ्या इस्ट्रोजेन ग्राही-अल्फाला सिस्टिन-४४७ वर पाल्मिटेट हे मेदाम्ल लागतं आणि पटलातल्या कॅव्हिओलिन-१ या प्रथिनाशी त्याचं नातं त्यावर टिकतं. स्ट्रायाटिन हे प्रथिन धरतं ते ग्राहीच्या १८३ ते २५३ या अमिनो आम्लांच्या मधल्या भागाला. त्यामुळे तिथे सी टोकाचा टॅग सहसा आड येत नाही. अडचण डिटर्जंटची असते, कारण थंड ट्रायटनमध्ये कॅव्हिओलीचा (पटलातल्या छोट्या खळग्यांचा) भाग विरघळत नाही.

तुमच्यापुरता क्रम असा ठेवा. या आठवड्यात जुन्याच लायसेटवर, न उकळता, सशाच्या मिक अँटिबॉडीनं एक ब्लॉट आणि गाळाची एक रांग. त्यातून कळेल की प्रथिनं मुळात कुठे आहेत. तोवर ई-२ मध्ये एचए असलेला, शेपटी मोकळी असलेला ग्राही आणि त्याचा मेथिओनिन-५९३ बदललेला जोडीदार बनवायला घ्या. हे दोन प्लाझ्मिड हातात आल्यावर ४०० मायक्रोलिटरची को-आयपी करा, सोबत मिसळलेल्या लायसेटची नळी. मूळ शेपटीसह पट्टा आला आणि बदललेल्या शेपटीसह गेला, तर मार्गदर्शकांना दाखवायला तेवढे दोन रांगांचे पट्टे पुरेत. दोन्हींत आला नाही आणि पेप्टाइडनं पीडीझेड मात्र ओढलं, तर पेशींत नर्फ-१ मिटलेलं आहे का, इझरिन किती आहे, हे बघायची वेळ येईल. त्या वेळी इनपुट आणि गाळाच्या रांगांसकट ब्लॉट टाका, पुढचं त्यावरून बोलू.